विश्लेषण : दत्तक पिल्लू ‘माझ्या जवळ’ आहे, हे ॲपला कसे कळते?

पावसाळा सुरू झाला की व्हॉट्सॲपच्या गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘चार गोड पिल्ले, वय दोन महिने, तातडीने घर हवे.’ सोबत फोटो आणि मोबाइल क्रमांक. संदेश पुण्यात कोथरूडमधून निघतो, नागपूरला पोहोचतो, तिथून दुबईतल्या एखाद्या नातेवाइकाकडे जातो आणि तीन महिन्यांनी पुन्हा कोथरूडच्याच एखाद्या सोसायटीच्या गटात येऊन पडतो. तोवर पिल्ले मोठी झालेली असतात. एखाद्याला घर मिळालेले असते, उरलेली रस्त्यावर गेलेली असतात. आणि दोन गल्ल्या पलीकडे कुत्रा पाळण्याच्या विचारात असलेल्या कुटुंबापर्यंत तो संदेश वेळेत पोहोचलेलाच नसतो.

ही दरी भरून काढण्यासाठी लोकेशनवर आधारित दत्तक ॲप तयार केली जातात. वरवर पाहता काम सोपे दिसते. प्राण्याचा फोटो, नकाशा आणि ‘माझ्या जवळचे’ असे बटण, एवढे झाले की ॲप तयार. प्रत्यक्षात अशा ॲपला दोन परस्परविरोधी गोष्टी साधाव्या लागतात. प्राणी जवळ आहे, हे अचूक सांगायचे. पण तो नेमका कोणाच्या घरी आहे, हे कळू द्यायचे नाही. हा तोल कसा साधला जातो, त्यामागचे गणित आणि कायदे काय आहेत, हे समजून घेऊ.

दत्तकाची गरज किती मोठी?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. त्यांपैकी १२ लाख ७६ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. या सर्वांना घरे मिळणे शक्य नाही. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा मुख्य मार्ग निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच आहे. मात्र आईपासून तुटलेली पिल्ले, अपघातात पाय गमावलेली कुत्री-मांजरे आणि मालकांनी सोडून दिलेले पाळीव प्राणी यांना रस्त्यावर जगणे कठीण असते. त्यांच्यासाठी दत्तक हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशामुळे या विषयाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांना निवारागृहांत ठेवण्याच्या ११ ऑगस्टच्या आदेशात बदल करताना न्यायालयाने दत्तकाचाही उल्लेख केला. इच्छुक प्राणिप्रेमींना स्थानिक पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येतील. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी अर्जदाराची असेल, असे त्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे दत्तकाचे मोजमाप ‘किती प्राणी दिले’ यावर होत नाही. ‘किती प्राणी त्या घरात टिकले’ हे पाहावे लागते. ॲप उभारताना हीच कसोटी डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

‘जवळ’ असणे एवढे महत्त्वाचे का?

दत्तक हा एका भेटीत उरकणारा व्यवहार नाही. कुटुंबातील सर्वांनी प्राण्याला भेटावे, देणाऱ्याने घर पाहून यावे, लसीचा पुढचा डोस आणि निर्बीजीकरण वेळेवर झाले का याची विचारपूस व्हावी, अशी अपेक्षा असते. घर दहा किलोमीटरवर असेल तर हे सारे होते. दीडशे किलोमीटरवर असेल तर पहिल्या फोननंतर पाठपुरावा थांबतो. शिवाय दत्तक जमले नाही, तर प्राणी परत आणून देण्याची सोय हवी. परत नेणे अवघड असेल तर कंटाळलेला माणूस त्याला वाटेत सोडून देण्याची शक्यता वाढते.

अंतर कमी असेल तर फसवणुकीलाही आळा बसतो. ‘पिल्लू मोफत आहे, फक्त गाडीभाडे आगाऊ पाठवा’ असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार ऑनलाइन होतात. प्राणी आणि माणूस दोघेही प्रत्यक्ष भेटीच्या टप्प्यात असतील, तर अशा मागणीला जागाच उरत नाही.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेट्सी आणि जॅरेड सॉल या दाम्पत्याने १९९६ मध्ये ‘पेटफाइंडर’ हे संकेतस्थळ सुरू केले. निवारागृहांतील प्राण्यांची यादी एका ठिकाणी आणायची आणि लोकांना आपल्या भागातील प्राणी शोधू द्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे ते उत्तर अमेरिकेतील हजारो निवारागृहांपर्यंत पोहोचले आणि २०१३ मध्ये नेस्ले प्युरिना या कंपनीने ते विकत घेतले.

भारतातील स्थिती वेगळी आहे. येथे बहुतेक प्राणी संस्थेच्या निवारागृहात नसतात. कोणाच्या तरी गॅलरीत, पार्किंगमध्ये किंवा प्राणिमित्राच्या घरी त्यांचा तात्पुरता सांभाळ, म्हणजे ‘फॉस्टर’, सुरू असतो. त्यामुळे नोंद करणारे संस्थेपेक्षा व्यक्ती अधिक असतात आणि प्राण्याचा पत्ता हाच कोणाच्या तरी घराचा पत्ता असतो. परदेशी ॲपची नक्कल येथे जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळे.

असे ॲप प्ले स्टोअरवरून उतरवून घेण्याचे असण्यापेक्षा ‘वेब ॲप’ असणे सोयीचे पडते. ते ब्राउजरमध्येच उघडते, फोनमधील जागा खात नाही आणि प्रत्येक प्राण्याच्या पानाची लिंक पुढे पाठवता येते. ती लिंक उघडल्यावर त्या क्षणाची स्थिती दिसते. पिल्लाला घर मिळाले असेल तर तसे लिहिलेले असते. फिरत्या संदेशाचे मुख्य दुखणे इथेच बरे होते.

फोन कुठे आहे, हे ब्राउजरला कसे कळते?

ब्राउजरमध्ये ‘जिओलोकेशन’ नावाची सोय असते. संकेतस्थळाने विचारणा केली की ‘या साइटला तुमचे स्थान कळू द्यायचे का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. होकार दिल्यास फोन जीपीएस उपग्रह, आसपासची वायफाय जाळी आणि मोबाइल टॉवर यांच्या मदतीने आपले स्थान काढतो. उत्तरात तीन गोष्टी मिळतात : अक्षांश, रेखांश आणि अचूकता. अचूकता मीटरमध्ये असते. मोकळ्या मैदानात ती काही मीटरपर्यंत येते, तर इमारतीच्या आत ती बरीच ढासळते. जीपीएस नसलेल्या संगणकावर तर स्थान काही किलोमीटरने चुकू शकते. म्हणून चांगले ॲप अचूकतेचा आकडा तपासते आणि तो फार मोठा असेल तर ‘तुमचा भाग निवडा’ असे सुचवते.

ही सोय सुरक्षित, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ जोडणी असलेल्या संकेतस्थळांनाच मिळते. गुगलच्या क्रोम ब्राउजरने २०१६ मध्ये असुरक्षित पानांसाठी ती बंद केली. स्थानाची माहिती वाटेत कोणी वाचू नये, हा त्यामागचा हेतू.

परवानगी कधी मागायची, हाही कळीचा प्रश्न असतो. पान उघडताच परवानगीचा प्रश्न आला तर अनेक जण तो कशासाठी आहे हे न वाचताच नकार देतात. वापरकर्त्याने ‘माझ्या जवळचे दाखवा’ हे बटण दाबल्यावर विचारले, तर कारण आपोआप स्पष्ट होते.

परवानगी नाकारली तर?

मग पिन कोड उपयोगी पडतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून साकारली. पहिला अंक विभाग दाखवतो; महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन कोड ४ पासून सुरू होतात. पहिले तीन अंक टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, उदाहरणार्थ पुण्यासाठी ४११ आणि गोव्यासाठी ४०३. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात.

ॲप प्रत्येक पिन कोडसाठी एक मध्यबिंदू धरते आणि तेथून अंतर मोजते. शहरात हे पुरेसे ठरते. ग्रामीण भागात मात्र एकाच पिन कोडखाली अनेक गावे, वाड्या आणि वस्त्या येतात, त्यामुळे मोजलेले अंतर बरेच चुकू शकते. तेथे तालुका आणि गावाचे नाव निवडण्याची सोय द्यावी लागते. नावे मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत शोधता यायला हवीत, अन्यथा ‘सावंतवाडी’ टाइप करणाऱ्याला रिकामे पान दिसते.

दोन ठिकाणांमधील अंतर कसे मोजतात?

पृथ्वी सपाट नसल्याने अक्षांश-रेखांशांची साधी वजाबाकी करून अंतर निघत नाही. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असला, तरी ध्रुवांकडे जाताना लहान होत जातो. पुण्याजवळ तो साधारण १०५ किलोमीटर भरतो. हा फरक धरून अंतर काढण्यासाठी ‘हॅव्हरसाइन’ हे सूत्र वापरले जाते. एकोणिसाव्या शतकात दर्यावर्दी लोक जहाजाचा मार्ग आखताना याच सूत्राचा आधार घेत. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून हे सूत्र पुणे आणि नाशिक यांच्यातील सरळ अंतर सुमारे १६५ किलोमीटर देते.

येथे नवख्या डेव्हलपरकडून एक चूक हमखास होते. बोलताना आपण आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो. नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जिओजेसन’ या प्रचलित मांडणीत मात्र रेखांश आधी लिहितात. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटे पडले, तर शिवाजीनगरचे पिल्लू थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पोहोचते. ॲप बंद पडत नाही, चूक झाल्याचेही सांगत नाही. पुणेकरांना ते पिल्लू दिसेनासे होते, एवढेच.

हजारो नोंदींतून जवळच्या नोंदी झटपट कशा निघतात?

ॲपवर ५० हजार नोंदी असतील आणि प्रत्येक शोधासाठी सर्वांचे अंतर मोजायचे ठरवले, तर सर्व्हरवर विनाकारण ताण येतो. त्यासाठी आधी ढोबळ चाळणी लावतात. पुण्यातील वापरकर्त्याला १० किलोमीटरच्या आतले प्राणी हवे असतील, तर त्याच्या अक्षांशाच्या दोन्ही बाजूंना ०.०९ अंश आणि रेखांशाच्या दोन्ही बाजूंना साधारण ०.०९५ अंश असा चौकोन आखायचा. चौकोनाबाहेरच्या नोंदी पाहायच्याच नाहीत. आतल्या मोजक्या नोंदींवरच अचूक सूत्र चालवायचे.

दुसरी पद्धत ‘जिओहॅश’ची. गुस्ताव्हो निमेयर यांनी २००८ मध्ये ती लोकांसमोर आणली. यात पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाला अक्षरे आणि अंकांचा कोड दिला जातो. कोडमधील अक्षरे वाढली की चौकोन लहान होतो. पाच अक्षरांचा चौकोन साधारण ४.९ किलोमीटर रुंद आणि तेवढाच उंच असतो. पिन कोडप्रमाणेच सुरुवातीची अक्षरे जुळली की ठिकाणे जवळ आहेत, हे कळते. मात्र चौकोनाची सीमा नेमकी एखाद्या रस्त्यावरून गेली, तर समोरासमोरच्या दोन इमारतींचे कोड वेगळे होतात. म्हणून शोध घेताना आपल्या चौकोनाभोवतीचे आठ चौकोनही तपासावे लागतात.

मोठ्या ॲपसाठी डेटाबेसमध्ये हे काम करणारी तयार साधने असतात. ‘पोस्टजीआयएस’ हे २००१ पासून उपलब्ध असलेले मोफत साधन त्यांपैकी एक. ‘या बिंदूपासून इतक्या मीटरच्या आतले सर्व’ असा प्रश्न त्याला थेट विचारता येतो. नकाशासाठीही पैसे मोजावे लागतातच असे नाही. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवकांनी रेखाटलेला नकाशा आणि व्होलोडिमिर अगाफोनकिन यांनी २०११ मध्ये आणलेली ‘लीफलेट’ ही नकाशा दाखवणारी प्रणाली, दोन्ही खुल्या आहेत. त्यामुळे महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा गटही असे ॲप कमी खर्चात उभारू शकतो.

सरळ रेषेतले अंतर फसवे का ठरते?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा जेट्टी सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटरवर आहे. ‘२० किलोमीटरच्या आत’ असा शोध घेतला, तर कुलाब्यातल्या माणसाला मांडव्याचे मांजर जवळचे म्हणून दिसेल. मध्ये समुद्र आहे, हे सूत्राला ठाऊक नसते. बोट चुकवून रस्त्याने जायचे, तर बंदराला वळसा घालून त्याच्या कितीतरी पट अंतर कापावे लागते. नद्या, खाड्या आणि घाट असलेल्या कोकणात आणि गोव्यात ही अडचण पावलोपावली येते.

यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांत मोजणी. आधी सरळ अंतराने यादी छोटी करायची आणि मग पहिल्या दहा-वीस नोंदींसाठीच रस्त्याचे अंतर किंवा प्रवासाचा वेळ काढायचा. रस्त्याचे अंतर काढणारी सेवा बहुधा प्रत्येक विचारणेमागे पैसे आकारते, त्यामुळे ही काटकसरही आवश्यक असते.

जवळ काहीच सापडले नाही तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे कोरडे उत्तर देऊन भागत नाही. ५ किलोमीटरमध्ये काही नसेल तर १०, मग २५, मग ५० असे वर्तुळ वाढवत न्यावे आणि तसे वापरकर्त्याला सांगावे. शिवाय केवळ अंतरानुसार क्रम लावला, तर म्हातारी आणि अपंग जनावरे गोंडस पिल्लांच्या गर्दीत मागे पडतात. अनेक महिने वाट पाहणाऱ्या प्राण्याला क्रमवारीत थोडे वर आणणे हा निर्णय तंत्रज्ञान आपणहून घेत नाही, तो ॲप करणाऱ्यांनी घ्यायचा असतो.

नेमका पत्ता का लपवायचा?

प्राण्यांना सांभाळणाऱ्यांचा एक ठरलेला अनुभव असतो. घर कुठे आहे हे पसरले की सकाळी दाराशी खोके ठेवलेले सापडते आणि त्यात आणखी पिल्ले असतात. विशिष्ट जातीचा कुत्रा कोणत्या घरी आहे हे उघड झाले, तर चोरीची भीती असते. एकट्या राहणाऱ्या महिलेचा पत्ता नकाशावर लागणे तर त्याहून गंभीर. पत्ता फुटल्यामुळे सांभाळ करणारे हात कमी झाले, तर ॲपने उपकारापेक्षा अपायच अधिक केला असे होईल.

पत्ता न लिहिताही तो फुटू शकतो. समजा ॲपने ‘२.३७ किलोमीटर’ असे अचूक अंतर दाखवले. कोणी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच अंतर पाहिले आणि कागदावर तीन वर्तुळे काढली, तर ती जिथे एकमेकांना छेदतात तेच ते घर. ‘टिंडर’ या डेटिंग ॲपमधील अशीच त्रुटी ‘इन्क्लूड सिक्युरिटी’ या संस्थेने फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केली होती. पडद्यावर अंतर पूर्णांकात दिसत असले, तरी सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीत ते फार अचूक होते.

म्हणून स्थान सर्व्हरवरच ढोबळ करावे लागते. अक्षांश-रेखांशाचे चार दशांश ठेवले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, म्हणजे इमारत सापडते. दोनच ठेवले तर सुमारे एक किलोमीटरचा परिसर कळतो, म्हणजे फक्त भाग समजतो. दत्तकाच्या पहिल्या टप्प्यासाठी तेवढे पुरेसे आहे. अंतरही या ढोबळ बिंदूपासूनच मोजावे आणि ‘२ ते ५ किलोमीटर’ अशा टप्प्यांत दाखवावे. काही जण दर वेळी बिंदू थोडा इकडेतिकडे हलवून दाखवतात. पण शंभर वेळा पान उघडून त्या बिंदूंची सरासरी काढली की घर पुन्हा सापडते. त्यामुळे बिंदू एकदाच ढोबळ करून कायम तोच ठेवणे सुरक्षित.

फोटोही चुगली करतात. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे काढले, याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. फोटो चढवताच ही माहिती पुसून टाकणे ॲपचे काम आहे. दोन्ही बाजूंनी बोलणे पुढे गेल्यावर, सांभाळ करणाऱ्याने स्वतः होकार दिल्यावरच फोन क्रमांक आणि भेटीची जागा उघड व्हावी. पहिली भेट घरी न ठेवता पशुवैद्यकाच्या दवाखान्यात ठेवण्याचा पर्यायही देता येतो.

नोंदीत काय असावे?

वय, लिंग, लसीकरण, निर्बीजीकरण, स्वभाव, आजार आणि दत्तक देण्याचे कारण या किमान गोष्टी. यातही खाचाखोचा आहेत. ‘वय दोन महिने’ असे साठवले तर चार महिन्यांनीही पिल्लू दोन महिन्यांचेच दिसते. त्याऐवजी अंदाजे जन्मतारीख साठवली, की वय आपोआप पुढे सरकते. प्रत्येक नोंदीला मुदत हवी. साधारण पंधरा दिवसांनी ‘प्राणी अजून आहे का?’ असा संदेश जावा आणि उत्तर आले नाही तर नोंद यादीतून बाजूला व्हावी. ‘उपलब्ध’, ‘बोलणी सुरू’ आणि ‘घर मिळाले’ अशा तीन स्थिती स्पष्ट दिसल्या, तर सांभाळ करणाऱ्याचा फोन उगाच खणखणत राहत नाही.

घेणाऱ्यालाही काही प्रश्न विचारावे लागतात. घर भाड्याचे आहे का, मालकाची हरकत नाही ना, प्राणी दिवसात किती तास एकटा राहील, घरातल्या सर्वांची तयारी आहे का. ही परीक्षा नसते. तीन महिन्यांनी ‘आता सांभाळणे जमत नाही’ असा फोन येऊ नये, यासाठीची ती खबरदारी असते.

कायदा काय सांगतो?

प्रत्येक प्राणी दत्तक देता येत नाही. रस्त्यावर सापडलेला पोपट किंवा तारा कासव कोणी चांगल्या हेतूने ॲपवर टाकेल. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असे देशी वन्यजीव घरी पाळणे हाच गुन्हा आहे. ॲपमध्ये प्राण्याचा प्रकार निवडतानाच ते अडवले जावे आणि वन विभागाशी संपर्क साधण्याची सूचना यावी.

दत्तकाच्या आडून विक्री होऊ नये, हेही पाहावे लागते. श्वानपैदास आणि विक्रीसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास त्यात मनाई आहे. दत्तकातही पिल्लाला आईपासून त्याआधी तोडू नये, असेच पशुवैद्यक सांगतात. एकाच क्रमांकावरून महिन्यागणिक जातिवंत पिल्लांच्या नोंदी येत असतील, तर ती धोक्याची खूण समजावी.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे. दत्तक देताना घर नीट पारखून घेण्यावर भर दिला जातो, त्याचे एक कारण हेही आहे. घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक आणि स्थान गोळा करणाऱ्या ॲपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ही लागू होतो. माहिती कशासाठी हवी हे सांगून संमती घेणे, काम संपल्यावर ती पुसणे आणि १८ वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी पालकांची संमती घेणे, या त्यातील मुख्य अपेक्षा आहेत.

वापरणाऱ्यांनी काय पाहावे?

दत्तक घेणाऱ्यांनी प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नयेत. लसीकरणाची पुस्तिका मागावी. कुत्रा असेल तर महापालिकेच्या परवान्याची चौकशी करावी. काही प्राण्यांना मायक्रोचिप बसवलेली असते. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो, जीपीएस नसते. त्यामुळे हरवलेला प्राणी तिच्या मदतीने फोनवर शोधता येत नाही. तो कोणाला सापडला आणि चिप वाचली गेली, तरच नोंदीवरून मालक कळतो.

दत्तक देणाऱ्यांनी नोंद करण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःची नोंद उघडून पाहावी. नकाशा मोठा केल्यावर आपली इमारत दिसत असेल, तर त्या ॲपवर नोंद करू नये. घर मिळाल्यावर नोंद त्याच दिवशी बंद करावी.

आणि ॲप उभारणाऱ्यांनी यशाचा आकडा नीट निवडावा. किती लोकांनी ॲप उघडले, किती नोंदी झाल्या, हे मोजणे सोपे असते. दत्तक दिल्यानंतर एक, तीन आणि सहा महिन्यांनी त्या घरी विचारणा करून ‘प्राणी अजून तिथेच आहे’ अशी किती उत्तरे आली, हे मोजणे कष्टाचे असते. पण पावसात पार्किंगमध्ये सापडलेल्या त्या चार पिल्लांच्या दृष्टीने तेवढाच आकडा खरा आहे.